गर्भपिशवी काढण्याच्या बातम्या आणि त्यातले आकडे : ‘सहापट’ म्हणजे नक्की किती?

बीड जिल्हा आणि गर्भपिशवीचं ऑपरेशन ही जोडी २०१९ पासून बातम्यांतून हटलेली नाही. ऊसतोड महिलांच्या पिशव्या मोठ्या प्रमाणावर काढल्या जात असल्याचं त्या वर्षी देशभर गाजलं. विधिमंडळात चर्चा झाली आणि डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. जून २०२५ मध्ये पुन्हा बातमी आली : ऊसतोडीला जाण्यापूर्वी ८४३ महिलांची गर्भपिशवी काढलेली होती.

चौसाळा परिसरातूनही दसरा-दिवाळीनंतर टोळ्या कारखान्यांकडे निघतात, त्यामुळे अशी बातमी आली की ओपीडीत तिचे पडसाद उमटतात. पिशवी काढलेल्या बाईला वाटतं, ‘आता मला हार्टचा आजार होणार.’ अंगावरून पांढरं जाणाऱ्या बाईला वाटतं, ‘कॅन्सर होण्यापेक्षा पिशवी काढलेली बरी.’ दोघींनीही कुठेतरी एक आकडा किंवा एक वाक्य ऐकलेलं असतं : ‘इतके पट धोका’, ‘याचा त्याच्याशी संबंध आहे’.

वैद्यकीय संशोधनात दोन गोष्टींचा संबंध मोजायच्या काही ठरलेल्या पद्धती आहेत. त्या समजायला गणिताची पदवी लागत नाही, बेरीज, वजाबाकी आणि भागाकार पुरतो. घरात ऑपरेशनचा निर्णय घ्यायची वेळ आली तर या गोष्टी उपयोगी पडतील.

१. पहिला प्रश्न : कितींपैकी?

जून २०१९ मध्ये तत्कालीन आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधान परिषदेत सांगितलं की बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ९९ खासगी रुग्णालयांमध्ये ४,६०५ गर्भपिशव्या काढल्या गेल्या. आकडा मोठा आहे, पण तो एकटा फारसं काही सांगत नाही. जिल्ह्यात त्या वयाच्या बायका किती? त्यांतल्या ऊसतोडीला जाणाऱ्या किती? या ४,६०५ मध्ये ऊसतोडीला न जाणाऱ्या बायकाही होत्या. भागाकार करायला खालचा आकडा हवा, तो इथे नाही.

८४३ चंही तसंच आहे. मथळा वाचून वाटतं की या सगळ्यांची ऑपरेशनं यंदाच्या हंगामाआधीच झाली. पण तपासणीच्या दिवशी ‘पिशवी काढलेली आहे’ अशी नोंद झाली, तर ते ऑपरेशन दहा वर्षांपूर्वीचंही असू शकतं. ‘आजवर किती जणींचं झालं’ आणि ‘या वर्षी नव्याने किती जणींचं झालं’ हे दोन वेगळे आकडे आहेत. पहिल्यातून जुनं ओझं कळतं, दुसऱ्यातून आज काय चाललंय ते कळतं.

२. दुसरा प्रश्न : पट किती, आणि निव्वळ फरक किती?

गोऱ्हे समितीच्या काळात आरोग्य विभागाने बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी केली. त्यांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. भागाकार केला की १६.८ टक्के येतात, म्हणजे साधारण सहा जणींमागे एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या महिलांमध्ये हेच प्रमाण २.६ टक्के होतं, देशात ३.२ टक्के.

आता एकाच माहितीवरून तीन आकडे काढता येतात.

• पट : १६.८ भागिले २.६, म्हणजे जवळपास साडेसहापट. संशोधनात याला सापेक्ष जोखीम किंवा रिलेटिव्ह रिस्क म्हणतात.

• निव्वळ फरक : १६.८ वजा २.६, म्हणजे शंभर बायकांमागे १४ जास्त.

• ऑड्स रेशो : इथे ‘झालेल्या भागिले एकूण’ असं न करता ‘झालेल्या भागिले न झालेल्या’ असा हिशोब करतात. त्यावरून उत्तर येतं सुमारे ७.६.

साडेसहा आणि ७.६ मध्ये फार अंतर दिसत नाही. पण २०१८ मध्ये बीडमधल्या २०० ऊसतोड महिलांची एक छोटी पाहणी झाली होती, तिच्यात हे प्रमाण ३६ टक्के निघालं. तिची राज्याच्या २.६ टक्क्यांशी तुलना केली तर पट येते जवळपास १४ आणि ऑड्स रेशो येतो २१. त्याच बायका, तीच माहिती, पण एक जण ‘चौदापट’ म्हणेल आणि दुसरा ‘एकवीसपट’. दोघांचाही हिशोब बरोबर आहे, मोजायची पद्धत तेवढी वेगळी. गोष्ट दुर्मीळ असली की दोन्ही आकडे जवळजवळ येतात, ती वारंवार घडणारी असली की ऑड्स रेशो फुगतो. त्यामुळे ऑड्स रेशोला सरळ ‘इतके पट धोका’ म्हटलेलं दिसलं तर थोडं सावध राहावं.

३. तिसरा प्रश्न : तुलना कोणाशी?

एका पाहणीत ३६ टक्के आणि दुसरीत १६.८ टक्के, मग खरं कोणतं? २०० बायकांच्या पाहणीत नुसत्या योगायोगाने सहा-सात टक्क्यांचा फरक पडू शकतो, म्हणजे ३६ च्या जागी २९ किंवा ४३ येऊ शकले असते. १७ पर्यंत मात्र ते उतरणार नाहीत. म्हणजे दोन पाहण्यांतल्या बायकाच वेगळ्या असणार : वेगळी गावं, वेगळी वयं, निवडायची वेगळी रीत. पाहणी मोठी असली की योगायोगाची चूक कमी होते, पण निवडीतला कल मोठ्या पाहणीतही राहू शकतो.

राज्याच्या २.६ टक्क्यांशी तुलना करतानाही असाच एक खड्डा आहे. त्या सर्वेक्षणात १५ वर्षांची शाळकरी मुलगीही मोजलेली असते, तिची पिशवी काढलेली असण्याचा प्रश्नच नाही. ऊसतोडीला जाणारी बाई बहुधा लग्न झालेली आणि लेकरं झालेली असते, आणि पिशवीचं ऑपरेशन वयासोबत वाढत जातं. म्हणजे साडेसहापटीतला काही भाग नुसत्या वयाचा असू शकतो. अशा मध्ये शिरणाऱ्या गोष्टीला संशोधक कन्फाउंडर म्हणतात. खरी तुलना हवी असेल तर त्याच तालुक्यातल्या, त्याच वयाच्या, तितकीच लेकरं असलेल्या पण ऊसतोडीला न जाणाऱ्या बायकांशी करायला हवी.

म्हणून सगळा फरक खोटा ठरतो का? नाही. त्याच सर्वेक्षणात सगळ्यांत वर असलेल्या आंध्र प्रदेशात प्रमाण ८.९ टक्के होतं, बीडचे १६.८ त्याच्याही जवळपास दुप्पट आहेत. वयाचा हिशोब धरल्यावर पट खाली येईल, पण प्रश्न संपणार नाही.

४. चौथा प्रश्न : संबंध आहे, पण कारण कोणतं?

ऊस तोडल्यामुळे गर्भपिशवी खराब होते, असं हा आकडा सांगत नाही. ऊसतोडीचं जिणं आणि पिशवी काढली जाणं या दोन गोष्टी सोबत आढळतात, एवढंच तो सांगतो. दोन्हींमधली साखळी बरीच लांब आहे : लवकर लग्न, लवकर बाळंतपणं, फडावर ना संडास ना पाणी, पाळीच्या दिवसांतही मोळ्या उचलणं, त्यातून जंतुसंसर्ग. वर कोयत्यामागे घेतलेली उचल आणि कामाला खाडा पडला की होणारी कपात. दुखणं घेऊन बाई दवाखान्यात जाते ती हंगाम नसताना, आणि तिला कायमचा इलाज हवा असतो, कारण पुढचे सहा महिने दवाखाना गाठता येणार नसतो. अशा वेळी समोरचा डॉक्टर काय सुचवतो, हाही या साखळीतला मोठा दुवा आहे.

ही साखळी नीट ओळखणं महत्त्वाचं आहे, कारण उपाय तिच्यावर ठरतो. कारण शरीरात असेल तर औषध लागेल. कारण फडावरच्या सोयीत आणि दवाखान्यातल्या सल्ल्यात असेल तर संडास, पाणी, पाळीच्या दिवसांची रजा आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत लागेल.

इथे काही जण म्हणतात, ‘मग तंबाखूचा आणि कॅन्सरचाही नुसता संबंधच आहे की!’ तसं नाही. माणसांना मुद्दाम सिगारेट ओढायला लावून कुणी प्रयोग केला नाही हे खरं, पण १९५० मध्ये लंडनमध्ये डॉल आणि हिल यांनी दाखवलेला संबंध नंतर देशोदेशी पुन्हा पुन्हा दिसला. जास्त ओढणाऱ्याला जास्त धोका, सोडणाऱ्याचा धोका कमी होत जाणं, आधी व्यसन आणि मग आजार असा क्रम, हे सगळं जुळलं. संबंधाला असे अनेक पुरावे जोडले जातात तेव्हा त्याला कारण म्हणता येतं, एका पाहणीवरून नाही.

५. ‘पिशवी काढली, आता हृदयविकार होणार का?’

२०१८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पिशवी काढलेल्या पण अंडाशय शाबूत ठेवलेल्या २,०९४ महिला त्यांनी बरीच वर्षं नजरेखाली ठेवल्या आणि तितक्याच वयाच्या, पिशवी न काढलेल्या महिलांशी त्यांची तुलना केली. ज्यांचं ऑपरेशन ३५ व्या वर्षी किंवा त्याआधी झालं होतं, त्यांच्यात हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार २.५ पट आणि हार्ट फेल्युअर ४.६ पट आढळलं.

भारतात निम्मी ऑपरेशनं वयाच्या ३४ च्या आसपास किंवा त्याआधीच होतात, असं राष्ट्रीय सर्वेक्षण सांगतं. म्हणून हा अभ्यास आपल्याला लागू होण्यासारखा आहे. तो वाचताना दोन गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, ४.६ पट म्हणजे कशाच्या ४.६ पट? समजा, एखाद्या वयोगटात हजार बायकांमध्ये दोघींना तो आजार होतो. त्याची ४.६ पट म्हणजे हजारात नऊ. ९९१ जणींना तरीही तो होत नाही. (हे आकडे समजण्यापुरते घेतले आहेत.) धोका वाढतो, पण पिशवी काढलेल्या प्रत्येकीला आजार होणार असा त्याचा अर्थ नाही.

दुसरी, ज्या बायकांची पिशवी तरुणपणीच काढावी लागली त्या आधीपासूनच वेगळ्या असू शकतात : वजन, रक्तस्राव, हार्मोनचे त्रास. धोका ऑपरेशनमुळे वाढला की ज्या त्रासासाठी ऑपरेशन झालं त्यामुळे, हे अशा अभ्यासातून पूर्ण वेगळं काढता येत नाही.

मग करायचं काय? ज्यांची पिशवी झाली आहे त्यांनी घाबरू नये, पण बीपी आणि शुगर वर्षातून एकदा तपासून घ्यावी. ज्यांची व्हायची आहे त्यांच्यासाठी, विशेषतः वय चाळिशीच्या आत असेल तर, घाई न करण्याला हे एक सबळ कारण आहे.

६. कॅन्सरची भीती, आणि शेजारच्या जिल्ह्यातला मोठा अभ्यास

‘पिशवी ठेवली तर कॅन्सर होईल’ हे वाक्य आमच्या भागात फार चालतं. त्याची शहानिशा करायला लांब जायची गरज नाही. चौसाळ्याहून सोलापूरच्या दिशेने हायवेला लागलं की उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव जिल्हा लागतो. तिथे १९९९ पासून टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था यांनी मिळून एक अभ्यास केला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ महिला त्यात होत्या. गावांचे ५२ गट पाडले आणि कोणत्या गटाला कोणती तपासणी मिळणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं योगायोगाने ठरवलं : एचपीव्ही विषाणूची तपासणी, पॅप तपासणी, किंवा ॲसिटिक ॲसिड लावून डोळ्यांनी पाहणी. चौथ्या गटाला नेहमीची सेवा मिळाली. यावर नंतर नैतिक आक्षेपही घेतले गेले.

असं योगायोगाने वाटप केलं की वय, गरिबी, काम, बाळंतपणं हे सगळं चारही गटांत साधारण सारखं वाटलं जातं. मग फरक दिसला तर तो तपासणीमुळेच, असं बऱ्याच खात्रीने म्हणता येतं. ‘संबंध’ आणि ‘कारण’ यांमधली दरी भरून काढायचा हा सगळ्यांत भक्कम मार्ग आहे.

आठ वर्षांनंतर निकाल असा लागला : एचपीव्ही गटातल्या ३४,१२६ महिलांपैकी ३४ जणी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने गेल्या, तर नेहमीच्या सेवेच्या गटातल्या ३१,४८८ पैकी ६४. दहा हजारांच्या हिशोबात १० आणि २०. म्हणजे आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीने आणि दोष सापडलेल्या बायकांवर वेळीच केलेल्या उपचाराने मृत्यू निम्मे झाले.

हाच आकडा आता उलट बाजूने वाचा. ज्यांना खास तपासणी मिळाली नाही त्या दहा हजार बायकांपैकी ९,९८० जणी आठ वर्षांत या कॅन्सरने गेल्या नाहीत. भीतीपोटी सगळ्यांच्या पिशव्या काढल्या असत्या तर हजारो बायकांनी ऑपरेशनचा धोका विनाकारण पत्करला असता. तपासणीने मात्र ज्या मोजक्या जणींना उपचाराची गरज आहे त्या नेमक्या सापडतात.

या अभ्यासात आणखी एक शिकण्यासारखी गोष्ट आहे. एचपीव्ही गटातल्या मृत्यूंचं प्रमाण दुसऱ्या गटाच्या ०.५२ पट आलं आणि त्याची विश्वासमर्यादा होती ०.३३ ते ०.८३. म्हणजे योगायोगाची सूट दिली तरी खरं उत्तर साधारण या दोन आकड्यांच्या मध्ये असावं. दोन्ही टोकं १ च्या खाली आहेत, म्हणून फायदा पक्का धरता येतो. डोळ्यांनी पाहणी केलेल्या गटात ०.८६ आले, पण मर्यादा ०.६० ते १.२५. एक टोक १ च्या खाली, दुसरं वर, त्यामुळे फायदा झालाच असं म्हणता येत नाही. पण फायदा नाही हेही त्यावरून सिद्ध होत नाही. पुढे मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियलने हीच साधी पाहणी दर दोन वर्षांनी, चार वेळा केली, तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. म्हणून एका अभ्यासावर कधी थांबू नये.

७. ऑपरेशनचा सल्ला मिळाला तर काय विचाराल?

पिशवी काढणं हे वाईट ऑपरेशन नाही. कॅन्सर, औषधांनी न थांबणारा जास्त रक्तस्राव, त्रास देणाऱ्या मोठ्या गाठी, अंग बाहेर येणं, बाळंतपणातला जिवावरचा रक्तस्राव, अशा ठिकाणी ते जीव वाचवतं किंवा जगणं सुसह्य करतं. नुसतं पांढरं जाणं, कंबरदुखी किंवा ‘पुढे कॅन्सर होईल’ ही मात्र पिशवी काढायची कारणं नव्हेत. डॉक्टरांना हे प्रश्न नि:संकोच विचारा :

• माझा आजार कोणता? सोनोग्राफीत आणि आतून तपासल्यावर काय दिसलं?

• गर्भाशयमुखाची तपासणी झाली का? तिचा रिपोर्ट कुठे आहे?

• गोळ्या, संसर्गावरचं औषध, हार्मोनची कॉपर-टी, फक्त गाठ काढणं, यांपैकी काय करून पाहता येईल?

• ऑपरेशन केलं नाही तर माझ्यासारख्या शंभर बायकांपैकी किती जणींना काय होतं? आणि केलं तर?

• अंडाशय ठेवणार की काढणार? काढणार असाल तर का?

• महिना-दोन महिने थांबलं तर चालेल का?

बीड जिल्ह्यात २०१९ पासून खासगी रुग्णालयाला असं ऑपरेशन करण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी लागते. केंद्राने २०२२ मध्ये अनावश्यक ऑपरेशनं रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्या तीन महिन्यांत लागू करा असं सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये राज्यांना सांगितलं. त्यामुळे दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला संकोच करू नका, आणि कागदपत्रं स्वतःकडे ठेवा.

एक इशारा मात्र लक्षात ठेवा. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त जाणं, संबंधानंतर रक्त जाणं, दुर्गंधी असलेलं किंवा रक्तमिश्रित पांढरं जाणं, यांत दिवस घालवू नका. ‘दहा हजारात वीस’ हा हिशोब कोणताही त्रास नसलेल्या बायकांच्या मोठ्या गटाचा आहे. अशी लक्षणं असलेल्या बाईचा हिशोब वेगळा असतो, तिची तपासणी त्याच आठवड्यात व्हायला हवी.

आणि तिशी ओलांडलेल्या, काहीच त्रास नसलेल्या बायकांसाठी : यंदा टोळीसोबत निघण्याआधी जवळच्या सरकारी दवाखान्यात गर्भाशयमुखाची तपासणी कुठे होते ते विचारा आणि करून घ्या.